कुटुंबातील कमावत्या व्यक्ती

१२ मे

प्रिय दादा,

'प्रिय' खोडून पुन्हा लिहिलंय, ते दिसेलच. नुसतं 'दादा' लिहिलं तर तुला वाटेल मी रागात आहे, आणि 'प्रिय' लिहिलं तर वाटेल काहीतरी मागायला आले आहे. काय वाटून घ्यायचं ते तू ठरव. फोनवर तू 'हं, बरी आहेस ना, आईला सांग' एवढं बोलून ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला. कागदही तू मध्येच ठेवून देशील, पण ते मला ऐकू येणार नाही.

आधी बातमी सांगते. मला संगीत महाविद्यालयात प्रवेश मिळाला. क्लॅरिनेटसाठी. बाई दारात उभ्या होत्या आणि यादी मी वाचायच्या आधी त्यांनीच वाचली, त्यामुळे माझं नाव मला त्यांच्या किंचाळण्यातून कळलं. बाई म्हणजे आपल्या शाळेतल्या संगीताच्या बाई. तू ट्रम्पेट वाजवायचास तेव्हा 'कुणाचा रेडा सुटलाय' म्हणून वर्गाबाहेर यायच्या, त्याच.

प्रवेश परीक्षेत गंमत झाली. मी वाजवायला लागले आणि एका परीक्षकांनी हात वर केला. म्हणाले, "तुम्ही नेहमी एवढ्या मोठ्यानं वाजवता?" मी म्हटलं, "सॉरी." ते म्हणाले, "सॉरी नको, कारण सांगा." मग मी सांगितलं, की आमची लाँड्री आहे, मी सुकवायच्या खोलीत वाजवते, आणि ओल्या चादरी आवाज पिऊन टाकतात. चादरींच्या पाच-सहा रांगांपलीकडे आई इस्त्रीला उभी असते आणि ओरडते, "ऐकू येत नाही!" त्यामुळे सवयच तशी लागली. ते हसले. मला वाटलं, आता खरंच बोलत आहोत तर सगळंच सांगावं, म्हणून मी हेही सांगितलं की क्लॅरिनेट शाळेचं आहे आणि तोंडाला लावलेली रीडची पट्टी बाईंची आहे, उसनी. कुणीही विचारलं नव्हतं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "चपला कुणाच्या आहेत तेही सांगून यायचंस."

घरी आले तेव्हा बाबा कॉलरवर होते. कॉलर पूर्ण केली, इस्त्री उभी केली आणि म्हणाले, "फी किती?"

आई म्हणाली, "आधी तिला शाबास तरी म्हणा."

"शाबास. फी किती?"

मी सांगितली. बाबांनी पुढचा शर्ट ओढला.

पण एका ट्रस्टची शिष्यवृत्ती आहे. फी, वसतिगृह, जेवण, सगळं त्यात येतं. अट अशी की घराण्यात कॉलेजात जाणारं पहिलंच मूल हवं आणि घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत हवं. बाई म्हणतात, डोळे झाकून तुलाच मिळणार. माझे डोळे झाकले जात नाहीत हीच तर अडचण आहे. बसले तरी बोटं टेबलावर सूर शोधत फिरत असतात. काल आईनं माझ्या हातावर ओला टॉवेल टाकला आणि म्हणाली, "हे पिळ, निदान काही उपयोग होईल."

तू कसा आहेस? वाजवतोस का?

तुझी,
चिमटी

ता. क. तुम्हाला कारखान्यात पगाराचा कागद देतात का? सहज विचारलं.


१६ मे

दादा,

सहज विचारलं नव्हतं.

पत्र पेटीत टाकून वळले आणि तिथेच कळलं की त्या शेवटच्या ओळीमुळे वरचं सगळं पत्र खोटं वाटणार. मी परत जाऊन पेटीच्या तोंडात हात घालून बघितला. हात मनगटापर्यंतच जातो. मागे एक आजोबा पत्र हातात धरून थांबले होते. त्यांना वाटलं मी चोर आहे. मी म्हटलं, "माझंच पत्र आहे हो." ते म्हणाले, "सगळे असंच म्हणतात."

तर खरं सांगते. ट्रस्टच्या ऑफिसात खिडकीशी एक क्लार्क बसतात, कानावर पेन लावून. माणूस चांगला आहे. अर्जात एक रकाना आहे, 'कुटुंबातील कमावत्या व्यक्ती'. त्यात मी बाबा आणि आई लिहिलं होतं. त्यांनी सोबतचा कुटुंबाचा दाखला उघडला आणि तुझ्या नावावर बोट ठेवलं.

"हा कोण?"

"भाऊ."

"कमावतो?"

"हो."

"मग रकान्यात का नाही?"

"तो इथे राहत नाही."

"लग्न झालंय त्याचं?"

मी म्हटलं, "माहीत नाही. म्हणजे, झालं नसावं."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "सख्खा ना?"

मग त्यांनी समजावलं. तुझा पगार धरला तर आपण मर्यादेच्या थोडं बाहेर जातो. मग दुसऱ्या गटात अर्धी शिष्यवृत्ती मिळू शकते, पण अर्धीत फी भागते, राहणं-जेवण नाही. तुझा पगार धरायचा नसेल तर तू 'विभक्त' आहेस असं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि त्यावर कुटुंबप्रमुखाची सही. त्याचा छापील नमुना त्यांनी मला दिला. एवढं झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नाहीतर सरळ लिही, ठावठिकाणा माहीत नाही. पुष्कळ जण लिहितात. मी काही तपासायला जात नाही."

मी म्हटलं, "पण मला पत्ता माहीत आहे. आईनं पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय. आणि मी आजच त्याला पत्र लिहिणार आहे."

त्यांनी कानावरचं पेन काढून खाली ठेवलं. "पोरी, तू संगीत शिकणार आहेस की वकिली?"

वकिली म्हटल्यावर मी नमुना उचलून तशीच बाहेर आले. का ते तुला सांगायला नको.

आता हे दुसरं पत्र. म्हणजे तो सोपा रस्ता मी आणखी एकदा बंद करते आहे. पहिलं एक वेळ हरवलं असतं.

मी तुझ्याकडे नक्की काय मागते आहे, ते मलाच ठरवता येत नाही. पगाराचा कागद पाठवलास तर अर्धी. नाही पाठवलास तर अर्ज अपुरा, म्हणजे काहीच नाही. आणि तो विभक्तचा कागद मी तुझ्याकडे मागत नाही. तो आधी बाबांसमोर ठेवायचा आहे. चार दिवस दप्तरात घेऊन फिरते आहे. दप्तर कुणी उघडलं तर, म्हणून कागद क्लॅरिनेटच्या पेटीत ठेवलाय, मखमलीखाली. वाजवायला पेटी उघडली की तोच आठवतो.

चिमटी


२१ मे

दादा,

काल ठेवला.

दुपार होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाबांनी हात पुसले, कागद खिडकीशी नेला आणि एकेका अक्षराखाली बोट फिरवत वाचायला लागले. मी वाचून दाखवू का म्हटलं तर नको म्हणाले. निम्म्यावर थांबले.

"'या घराशी कोणताही संबंध उरलेला नाही.' हे कुणी लिहिलं?"

"छापील आहे, बाबा. सगळ्यांना हेच देतात."

"सगळ्यांची पोरं सारखीच गेली का?"

आई मशीनमधून चादरी उपसत होती. तिथूनच म्हणाली, "आता कुठला संबंध राहिलाय? दुकानाची पायरी चढू नकोस म्हणून कुणी सांगितलं होतं? मी?"

"पायरी चढू नको म्हटलं होतं. घरातला नाही असं म्हटलं नव्हतं."

"घराला दुसरं दार आहे का? पायरी न चढता आत यायला त्याला काय पंख फुटणार होते?"

आई ओल्या चादरीचा बोळा कडेवर घेऊन आत गेली, आणि जाता जाता मला म्हणाली, "तू कशाला रडतेस? तुला अजून कुणी काही बोललेलं नाही." मी रडत नव्हते. नाक लाल होतं एवढंच.

मग बाबा स्टुलावर चढले. न नेलेल्या कपड्यांची ती वरची फळी तुला आठवते ना? हिरवा झगा अजून तिथेच आहे. तो टाकणारी बाई गाव सोडून गेली, बहुतेक गेलीच, तरी बाबा दर वर्षी तो उतरवून धुतात, नवी चिठ्ठी लावतात आणि परत ठेवतात. आई म्हणते, चिंध्या करा त्याच्या. बाबांचं एकच, "पावतीचा आपला तुकडा फाडला नाही, तोवर कपडा जमा."

तर त्या फळीवरून त्यांनी दोन शर्ट काढले. तुझे. निळा, आणि तो बारीक रेघांचा. इस्त्रीचे, घडी अशी की बोट कापावं. चिठ्ठ्या लावलेल्या. मी रोज त्या फळीखाली उभी राहते आणि मला माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, "जाणारा माणूस कपडे घेऊन जातो. हा टाकून गेलाय. मग संबंध नाही असं मी कसं लिहू?"

फळीच्या टोकाला प्लॅस्टिकमध्ये तो कोटही आहे. वकिलांचा काळा कोट. मला वाटायचं तो कधीच गेला असेल.

मी त्या दिवसाबद्दल तुझ्याशी कधी बोलले नाही. हॉटेलच्या बँडमध्ये वाजवून दाखवायचं होतं आणि काळा कोट हवा होता, म्हणून तू हँगरवरून तो उचललास. एका संध्याकाळपुरता. आणि वकील नेमके त्याच हॉटेलात जेवायला आले. त्यांनी कोट ओळखला नाही, बटण ओळखलं, बाबांनीच शिवलेलं, इतरांपेक्षा जरा मोठं. दुसऱ्या दिवशी भर दुकानात ते जे बोलले आणि बाबांचा हात जो उठला, तेव्हा मी हँगर धरून तुझ्या मागेच उभी होते. मी तेव्हा नववीत होते. लाँड्रीवाल्यानं गिऱ्हाइकाचा कपडा अंगात घालायचा नाही, हे आपण चालायला शिकण्याआधी शिकलो. तरी मला तेव्हाही वाटलं होतं आणि आताही वाटतं, की तो कोट तुला वकिलांपेक्षा चांगला दिसला असणार.

बाबा सही करणार नाहीत. तारीख जवळ आली आहे. बाई रोज विचारतात, मी रोज 'होतंय' म्हणते. 'होतंय' हे खोटं आहे का, यावर मी काल शाळेपासून घरापर्यंत विचार केला.

चिमटी


३० मे

तुझं पाकीट आलं.

जाड होतं. मला वाटलं पत्र असेल.

मुद्रांकाचा कागद, टाइप केलेला. 'मी स्वखुशीने लिहून देतो की मी माझ्या वडिलांच्या कुटुंबापासून विभक्त असून त्यांच्याशी माझा कोणताही संबंध नाही.' खाली तुझी सही. मी हा मागितला नव्हता, दादा. मी स्पष्ट लिहिलं होतं की मागत नाही. म्हणजे 'मागत नाही' असं लिहून मी मागितलाच, असं तू वाचलंस का? तसं असेल तर ते माझ्या लिहिण्यात असणार. मी माझी पत्रं आठवून आठवून तपासली.

आणि हेही लिहायलाच हवं: कागद उघडला तेव्हा आधी मला आनंद झाला. फार थोडा वेळ, पण झाला. डोळ्यांसमोर वसतिगृहाची खोली आली, त्यात माझी पेटी आणि खिडकी. मग मी तुझी सही पाहिली. एका झटक्यात केलेली, शेवटी रेघ ओढून. तुमच्या कारखान्यात सिमेंटच्या पोत्यांची पावती करावी तशी. जरा तरी अडखळायचास. खाडाखोड तरी करायचीस. मी 'प्रिय' लिहिताना चार वेळा अडले!

पाकिटात रीडची डबी होती. चिठ्ठी नाही, काही नाही. उघडून पाहिलं तर दीड नंबरच्या. अरे भोंग्या, दीड नंबर म्हणजे बाराखडी. पहिल्यांदा फुंकायला शिकणारी मुलं लावतात. मी त्या फुंकल्या तर बदकासारखा आवाज येईल. दुकानदारानं तुला विचारलं असेल, 'कुणासाठी?' आणि तू हात कमरेइतका खाली धरून दाखवला असशील, एवढ्या मुलीसाठी. तू गेलास तेव्हा मी खरंच दीडवर होते.

आता जवळपास दुप्पट जाड लागते. ओठाला घट्टे पडलेत.

कागदाला बाबांची सही लागतेच, तुझ्या एकट्याच्या सहीनं चालत नाही. मी तो आईला दाखवला. आईनं वाचायला सांगितलं, मी वाचला, आणि ती म्हणाली, "पुन्हा वाच." पुन्हा वाचला. "बरं," म्हणाली आणि दुधाचं भांडं इतकं घासलं की विचारू नकोस.

बाबांनी तो बोट फिरवत पूर्ण वाचला. घडी केली. मला वाटलं फाडतात. त्यांनी स्टूल ओढलं, फळीवरून तुझे शर्ट काढले, कागद रेघांच्या शर्टाच्या घडीत सरकवला आणि दोन्ही परत वर ठेवले.

"बाबा, तो मला जमा करायचाय."

म्हणाले, "जमाच आहे."

मी काय करू? समितीपुढे मुलाखत आठ तारखेला आहे. तुझ्यावर रागावू की बाबांवर, हे ठरेना म्हणून मी सगळ्या हँगरांची तोंडं एका बाजूला केली. मग दुसऱ्या बाजूला.


८ जून

दादा,

आत्ताच आलो. चप्पल काढली आणि लिहायला बसले, नाहीतर माझ्या हातून काहीतरी बदलून जाईल.

सकाळी मी निघाले तर बाबा दारात तयार. शर्ट असा कडक की बसताना वाजला. मी म्हटलं, "दुकान?" म्हणाले, "आई आहे." रस्ताभर एक शब्द नाही. फक्त एकदा, एका माणसाच्या पँटीकडे बघून म्हणाले, "दोन चुण्या पाडल्यात."

आत लांब टेबल, पलीकडे समिती. मध्ये अध्यक्षबाई, पांढरे केस, आवाज मऊ पण प्रश्न नाही. क्लार्क कोपऱ्यात अर्ज घेऊन. माझ्या वाजवण्याबद्दल दोनच प्रश्न झाले. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "मुलाचं काय? सोबत आहे की विभक्त?"

बाबांनी खिशातून तुझा कागद काढला. मला माहीत नव्हतं की त्यांनी तो आणलाय. टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवला, सपाट, कापडावर ठेवतात तसा.

"हा त्यानं पाठवलाय. सही त्याची आहे. पण खरं नाही."

"म्हणजे?"

आणि दादा, बाबा बोलले. घरात जेवढं वर्षभरात बोलत नाहीत तेवढं. कोटाचं सगळं सांगितलं. म्हणाले, "पोरानं चूक केली. गिऱ्हाइकाचा कपडा घातला. मी मारलं, पायरी चढू नको म्हटलं. वकीलसाहेब म्हणाले, दुसऱ्याच्या घामाचा कोट मी घालणार नाही, किंमत भरा. मी भरली. हप्त्यानं भरली. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी मला कळलं, की कोट आता आपला झाला. म्हणजे पोरानं घातला तो शेवटी आपलाच की. पण तोवर पोरगं गेलं होतं." मग म्हणाले, "त्याला मी घालवलं. तो विभक्त झाला नाही. ही दोन वेगळी कामं आहेत."

अध्यक्षबाईंनी अर्ज पुढे ओढला. "मला तुमचं म्हणणं समजतं. पण इथे दोनच रकाने आहेत. सोबत, किंवा विभक्त."

"मग तिसरा काढा."

क्लार्क खोकले. म्हणाले, "मॅडम, खाली शेऱ्याची जागा आहे."

बाबांनी पेन मागितलं. क्लार्कनी कानावरचं दिलं. बाबांना लिहायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. सगळी समिती थांबली. एक सभासद घड्याळाकडे बघायला लागले, तर अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी बाहीच खाली ओढली. बाबांनी लिहिलं: 'कामानिमित्त बाहेरगावी. परत येणार.'

अध्यक्षबाईंनी वाचलं. "म्हणजे त्याचं उत्पन्न धरावं लागेल. मुलीला पूर्ण शिष्यवृत्ती मिळणार नाही. अर्धी मिळाली तर मिळेल. लक्षात येतंय ना तुमच्या?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तिला विचारा. घरात शिकलेली ती आहे."

शेऱ्याखाली एक ओळ छापली आहे: 'वरील माहिती खरी आहे.' त्याखाली अर्जदाराची सही, म्हणजे माझी. आणि दादा, मला पूर्ण हवी होती. मला ती खोली हवी होती. तुझा कागद तिथे टेबलावरच होता, बाबांच्या हाताखाली. मी नुसतं 'बाबा, करा ना सही' म्हटलं असतं तर त्यांनी बहुतेक केली असती. त्यांच्या हाताकडे बघून मला ते कळत होतं. माझ्यासाठी केली असती, आणि घरी येऊन तुझे शर्ट फळीवरून खाली काढले असते.

मी पेन घेतलं आणि तरीही सही होईना. कारण 'परत येणार' हे तरी खरं आहे का? मला काय माहीत? मी सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, पण हे खरं आहे का?"

बाबा म्हणाले, "शर्ट जमा आहेत."

मी सही केली.

अध्यक्षबाई आम्हाला सोडायला दारापर्यंत आल्या. मला म्हणाल्या, "परीक्षकांनी लिहून पाठवलंय, या मुलीला मोठी खोली द्या." हसल्या की नाही ते कळलं नाही.

तुझ्या पगाराचा कागद आठवड्यात द्यायचा आहे. आता मागते आहे. सहज नाही, आडून नाही. पाठव.

चिमटी


२० जून

प्रिय दादा,

या वेळी खोडलं नाही.

पगाराचा कागद पोचला, दिला, क्लार्कनी रकान्यात तुझं नाव लिहिलं. कुटुंबातील कमावत्या व्यक्ती: बाबा, आई, तू. मी उभी राहून ते सुकेपर्यंत बघितलं. काल निकाल आला. अर्धी मिळाली.

उरलेल्या अर्धीचं सांगते. बाईंनी मला महाविद्यालयाच्या पोशाखघरात नेलं. तिथे सगळ्या वाद्यवृंदाचे काळे कोट टांगलेले असतात, आणि ते सांभाळणाऱ्या बाईंना मदतनीस हवी होती. त्यांनी माझ्यापुढे एक कोट टाकला, म्हणाल्या, "कर." मी वर ओलं फडकं टाकून कॉलर दाबली, काळ्या कापडावर चकाकी येऊ नये म्हणून. त्यांनी उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "किती वर्षं करतेस?" मी म्हटलं, "उंची टेबलाला लागली तेव्हापासून." सकाळी वर्ग, दुपारी कोट. जेवण आणि राहायची जागा त्यात सुटते. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे इस्त्री सुटावी म्हणून शिकवलं, आणि शिकायला जाऊनही इस्त्रीच." मग स्वतःच हसली. बाबा एवढंच म्हणाले, "कुणाचा कोट घालून वाजवू नकोस."

आई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. बाबा काय बोलून गेले ते त्यांनाही कळलं. कान लाल झाले त्यांचे.

दुपारी त्यांनी वकिलांचा कोट खाली काढला. आता वकिलांचा म्हणायचं नाही, पण जीभ वळत नाही. प्लॅस्टिक काढलं, ब्रश केला, वाफ दिली. ते मोठं बटण त्यांनी कातरून काढलं, आणि मग राहवलं नाही बहुतेक, बाकीचीही काढली. सगळी नवी लावली, एकसारखी. चिठ्ठीवर काय लिहायचं म्हणून पेन्सिल घेऊन थोडा वेळ थांबले आणि तुझं नाव लिहिलं. पावतीचा तुकडा गल्ल्यात टाकला. मला म्हणाले, "त्याला विचार, खांद्यात बसेल का अजून. जाडा झाला असेल तर शिवणीत कापड आहे, सोडता येईल."

मी म्हटलं, "तुम्हीच विचारा की." म्हणाले, "तू लिहितेसच आहेस."

आता माझं. मी सोमवारी निघते. बॅग भरली, उपसली, परत भरली. एक गोष्ट मला झोपू देत नाही. अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरात छापलंय, 'माहिती खोटी आढळल्यास शिष्यवृत्ती रद्द करण्यात येईल.' सगळे म्हणतात, तसं काही कुणी बघत नाही. पण बाबांनी लिहिलंय, 'परत येणार', आणि खाली सही माझी आहे. कधी ते लिहिलेलं नाही, हे खरं. तरी मला खोट्यात पाडू नकोस. पायरीचं म्हणशील तर आईनं काल बाबांना त्यावरून विचारलंच. बाबा म्हणाले, "पायरी काय, धुतलेलीच असते."

पगाराच्या कागदाच्या मागे पेन्सिलीनं तू एक ओळ लिहिली आहेस. मला ती आधी दिसलीच नाही, क्लार्कनी दाखवली. कागद त्यांना द्यायचा होता, म्हणून ती तेवढी मी उतरवून घेतली. 'मग रीड कितीची लागते?'

तीनची लागते. पोस्टानं पाठवू नकोस.

चिमटी